ॲनॉर्थोसाइट : चंद्राच्या कवचाचा खडक

खडक म्हणजे खनिजांचे मिश्रण. ग्रॅनाइटच्या एका तुकड्यात क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि अभ्रक शेजारी शेजारी बसलेले असतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन ही दोन खनिजे एकमेकांत गुंतलेली असतात. ॲनॉर्थोसाइट हा भरड कणांचा अग्निज खडक मात्र जवळजवळ एकाच खनिजाचा बनतो. त्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार किमान ९० टक्के असावा लागतो, आणि काही नमुन्यांत हे प्रमाण ९८-९९ टक्क्यांपर्यंत जाते. शिलारसात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम अशी सगळी मूलद्रव्ये एकत्र मिसळलेली असतात. त्यातून एकच खनिज बाजूला निघावे आणि त्याचे डोंगरच्या डोंगर उभे राहावेत, हे मला भूविज्ञानातल्या मोठ्या आश्चर्यांपैकी एक वाटते. पृथ्वीवर हा खडक मोजक्या ठिकाणी आढळतो. चंद्राचा मात्र बराचसा पृष्ठभाग त्याचाच आहे. पौर्णिमेच्या बिंबावर जे काळसर डाग दिसतात ते बेसाल्टचे, आणि डागांभोवतीचा सारा उजळ प्रदेश मुख्यतः ॲनॉर्थोसाइटचा किंवा त्याच्या चुऱ्याचा.

आधी त्याचे भरडपण समजून घेऊ, कारण अग्निज खडकाच्या जन्माची पहिली साक्ष त्याच्या कणांच्या आकारात असते. शिलारस ज्वालामुखीतून बाहेर पडला की हवेच्या संपर्काने भराभर थंड होतो. एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिक धरू लागतात आणि कोणालाच वाढायला सवड मिळत नाही. दख्खनच्या पठारावरचा बेसाल्ट असा झाला. त्याचे कण पाहायला बहुधा भिंग किंवा सूक्ष्मदर्शक लागतो. तोच शिलारस जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकून राहिला, तर वरच्या खडकांचे जाड पांघरूण त्याची उष्णता सहजासहजी निसटू देत नाही. थंड व्हायला हजारो, कधी लाखो वर्षे लागतात. मोजकेच स्फटिक धरतात, आणि भोवतालच्या रसातले अणू त्यांच्यापर्यंत पोहोचत राहिल्याने ते मोठे होत जातात. अशा खडकातला प्रत्येक कण नुसत्या डोळ्यांना वेगळा ओळखू येतो. ग्रॅनाइट, गॅब्रो आणि ॲनॉर्थोसाइट हे तिन्ही या पातालिक कुळातले. ॲनॉर्थोसाइटच्या काही साठ्यांत तर वीतभर, हातभर लांबीचे स्फटिक सापडतात.

महाराष्ट्रात ॲनॉर्थोसाइटचे डोंगर नाहीत, पण तो ज्या खनिजाचा बनतो ते खनिज आपल्या पायाखाली भरपूर आहे. पश्चिम घाटातल्या काही लाव्हाथरांत तर ते ठळक उठून दिसते. मंचर आणि थळ घाट या ठिकाणांची नावे भूवैज्ञानिकांनी अशा थरांना दिली आहेत. काळ्या, बारीक कणांच्या बेसाल्टमध्ये काही सेंटिमीटर लांबीचे फिकट, पट्टीसारखे स्फटिक विखुरलेले असतात. ते प्लॅजिओक्लेजचे. लाव्हा बाहेर येण्यापूर्वी शिलारस खोल कोठारात बराच काळ थांबला होता आणि तेवढ्या अवधीत हे स्फटिक वाढले, असा त्याचा अर्थ लावतात. थळ घाटातून, म्हणजेच कसारा घाटातून, जाणाऱ्याने रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीकडे नीट पाहिले, तर ॲनॉर्थोसाइट घडण्याची पहिली पायरी, म्हणजे शिलारसात मोठे प्लॅजिओक्लेज धरणे, त्याला तिथे दिसू शकेल. पुढची पायरी मात्र दख्खनमध्ये गाठली गेली नाही. ती म्हणजे या स्फटिकांनी रसातून वेगळे होऊन एकत्र जमणे.

प्लॅजिओक्लेज हे एकाच ठरावीक घडणीचे खनिज नसून दोन टोकांमधली सलग श्रेणी आहे. एका टोकाला सोडियमयुक्त अल्बाइट, दुसऱ्या टोकाला कॅल्शियमयुक्त ॲनॉर्थाइट, आणि मध्ये दोन्हींचे हवे ते मिश्रण. त्याचा कठीणपणा ६ ते ६.५, म्हणजे खिडकीच्या काचेवर ओरखडा उठवण्याइतका. घनता २.६ ते २.७६. फोडल्यावर तो जवळजवळ काटकोनात मिळणाऱ्या दोन सपाट पृष्ठांवर फुटतो, आणि त्यांतल्या एकावर अनेकदा अगदी बारीक समांतर रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे स्फटिकाची उलट दिशेने वाढलेली एक जुळी पट्टी असते. हातात धरलेला भरड, फिकट दगड ॲनॉर्थोसाइट आहे की नाही हे ठरवताना भूवैज्ञानिक या रेघा शोधतो. क्वार्ट्‌झमध्ये त्या नसतात. खडकाचा रंग पांढरा किंवा राखाडी असतो. कधी तो चांगलाच गडद, निळसर काळाही होतो. तो गडदपणा बहुधा फेल्डस्पारमध्ये अडकलेल्या लोह व टायटॅनियमच्या ऑक्साइडांच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो.

श्रेणीच्या मधल्या पट्ट्यातला लॅब्राडोराइट पाहताना माणूस थबकतो. राखाडी दगड हातात फिरवताना एका विशिष्ट कोनात त्यातून निळा, हिरवा, सोनेरी प्रकाश उसळतो आणि कोन बदलला की मावळतो. या रंगासाठी कोणतेही रंगद्रव्य लागत नाही. संथपणे थंड होताना स्फटिकाच्या आत किंचित वेगळ्या रासायनिक घडणीचे पातळ थर सुटे होतात. त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असते. थराथरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून काही रंग बळावतात, काही मावळतात. कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरून, नेन या वसाहतीजवळून, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरेव्हियन मिशनऱ्यांमार्फत हा दगड युरोपात पोहोचला आणि त्या किनाऱ्याचेच नाव त्याला मिळाले. फिनलंडमध्ये त्याचा सर्वांत रंगीत प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संरक्षणाची तटबंदी उभारताना सापडला. हे सारे सौंदर्यही संथपणातूनच आले आहे. खडक घाईने थंड झाला असता तर ते थर सुटेच झाले नसते.

नेनचा परिसर ज्या खडकाचा आहे तो पृथ्वीवरच्या ॲनॉर्थोसाइटच्या मोठ्या प्रदेशांपैकी एक. क्वेबेकमधल्या लाक सेंट-जाँ इथला साठा सुमारे २०,००० चौरस किलोमीटरचा आहे. न्यूयॉर्क राज्यातले सर्वांत उंच शिखर माउंट मार्सी, १,६२९ मीटरचे, याच खडकाचे. नॉर्वेच्या नैऋत्य भागात तो आहे, युक्रेनमध्ये आहे. भारतात ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या काठी आणि तामिळनाडूत ओट्टनचत्रम इथे तो आढळतो. यांतले बहुतेक मोठे साठे एका विशिष्ट काळातले आहेत. ढोबळ मानाने १७० कोटी ते ९० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान ते घडले. त्यानंतर पृथ्वीने एवढ्या प्रमाणावर हा खडक पुन्हा घडवला नाही.

कसा घडला, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. नॉर्मन बोवेन या शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये ॲनॉर्थोसाइटचा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला. शुद्ध ॲनॉर्थाइट वितळायला सुमारे १,५५० अंश सेल्सिअस तापमान लागते. बेसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंशांच्या आसपास असतो. ॲनॉर्थोसाइटच्या घडणीचा द्रवरूप रस निसर्गात अस्तित्वात असता, तर कुठे ना कुठे तो लाव्हा होऊन वाहिलेला दिसायला हवा होता. तसा लाव्हा दिसत नाही. म्हणून बोवेनचे म्हणणे असे, की हा खडक त्याच घडणीच्या रसातून गोठलेला नाही. दुसऱ्याच रसातून सुटलेल्या स्फटिकांचा तो साठा आहे. हा विचार पुढे टिकला. आज बहुतेक अभ्यासकांचे मत असे आहे, की शिलारस कवचाच्या तळाशी, कित्येक किलोमीटर खोल, साचून राहिला, त्यातली लोह-मॅग्नेशियमची जड खनिजे खाली बसली, हलका प्लॅजिओक्लेज वर जमला आणि स्फटिकांनी गच्च भरलेला तो लगदा कवचातून हळूहळू वर सरकला. या खडकांत सापडणारे काही मोठे पायरॉक्सीन स्फटिक याला दुजोरा देतात. त्यांतले ॲल्युमिनियमचे जास्त प्रमाण मोठ्या दाबाखालीच शक्य होते. पण तो शिलारस प्रावरणातून आला की कवचाचा तळ वितळून झाला, आणि पृथ्वीच्या त्या मधल्या काळातच हे का घडले, या प्रश्नांची सर्वमान्य उत्तरे अजून मिळालेली नाहीत.

चंद्राचे कोडे त्यापुढे सरळ वाटावे. ते सुटले ते मूठभर मातीच्या बळावर. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे यान शांतिसागरावर उतरले. तो काळ्या बेसाल्टचा प्रदेश, त्यामुळे आणलेले दगडही बहुतेक बेसाल्टचे होते. स्मिथसोनियन वेधशाळेतल्या जॉन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला थोडी माती आली. तिच्यातले खडकांचे १,६७६ बारीक तुकडे त्यांनी तपासले. त्यांतले ८४ तुकडे पांढरे, हलके आणि बाकीच्यांपेक्षा अगदी वेगळे निघाले. ते ॲनॉर्थोसाइटचे होते. शांतिसागरात असा खडक नाही, तेव्हा हे तुकडे उल्काघातांनी उडून जवळच्या उजळ डोंगराळ प्रदेशातून आले असणार, असे वुड यांनी ओळखले. मग ते एक धाडसी पाऊल पुढे गेले. उजळ प्रदेश सगळाच अशा खडकाचा असेल तर एवढा प्लॅजिओक्लेज पृष्ठभागावर जमायला चंद्राचा बाहेरचा भाग एके काळी खोलवर वितळलेला असला पाहिजे. शेकडो किलोमीटर खोल शिलारसाचा सागर! एका सूक्ष्मदर्शकाखाली मावणाऱ्या ८४ कणांवरून अख्ख्या गोलाचा इतिहास उभा करणे, हा वैज्ञानिक तर्काचा असा नमुना आहे की तो शाळेत शिकवला जावा.

पुढच्या मोहिमांनी तो तर्क उचलून धरला. १ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांना स्पर विवराच्या काठावर मातीच्या उंचवट्यावर बसलेला एक फिकट, स्फटिकमय दगड दिसला. २६९ ग्रॅमचा हा नमुना जवळजवळ निव्वळ प्लॅजिओक्लेजचा निघाला आणि वृत्तपत्रांनी त्याचे नाव ‘जेनेसिस रॉक’ ठेवले. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ थेट उजळ डोंगराळ भागात उतरले. तिथे ज्वालामुखीचे खडक मिळतील अशी अपेक्षा होती. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक यांना प्रत्यक्षात मिळाले ते ॲनॉर्थोसाइट आणि आघातांनी चुरडून पुन्हा सांधलेले त्याचे तुकडे. १९८२ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फावर ३१ ग्रॅमची एक अशनी सापडली, आणि तिच्यातले पांढरे तुकडे पाहूनच ती चंद्रावरून आल्याची शंका पहिल्यांदा आली. चंद्रावरून आलेली म्हणून ओळखली गेलेली ती पहिली अशनी.

आज सांगितली जाणारी हकिगत अशी. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल पृथ्वीवर आदळला आणि त्या ढिगाऱ्यातून चंद्र जमला. नवा चंद्र खोलवर वितळलेला होता. तो निवू लागला तसे आधी ऑलिव्हीन आणि मग पायरॉक्सीन धरले आणि जड असल्याने तळाशी गेले. सागराचा ७० ते ८० टक्के भाग असा गोठल्यावर प्लॅजिओक्लेज धरू लागला. उरलेला रस एव्हाना लोहाने जड झाला होता आणि त्यात पाणी जवळजवळ नव्हतेच. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा प्लॅजिओक्लेज वर येऊन जमला. चंद्राभोवती फिरणाऱ्या ग्रेल यानांनी २०१२ मध्ये केलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीनुसार चंद्राच्या कवचाची सरासरी जाडी ३४ ते ४३ किलोमीटर आहे.

या हकिगतीचा सर्वांत भक्कम पुरावा युरोपियम या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यात आहे. त्याच्या गटातली भावंडे प्लॅजिओक्लेजच्या स्फटिकात सहज बसत नाहीत. युरोपियम मात्र कॅल्शियमच्या जागी बेमालूम बसते. उजळ भागातल्या ॲनॉर्थोसाइटमध्ये युरोपियम शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने जास्त आहे. काळ्या डागांचा बेसाल्ट कोट्यवधी वर्षांनंतर चंद्राच्या पोटातून वर आला. त्यात ते नेमके कमी आहे. ज्या रसातून प्लॅजिओक्लेजने युरोपियम आधीच उचलून नेले होते, त्याच्याच तळाच्या गाळातून हा बेसाल्ट वितळला. चंद्राच्या पांढऱ्या आणि काळ्या भागांचे एकमेकांशी असलेले नाते इतक्या नेमकेपणाने जुळते.

पृथ्वीही आरंभी वितळलेली होती, मग तिच्यावर असे कवच का नाही? दाब हे एक कारण. प्लॅजिओक्लेज मोठ्या दाबाखाली टिकत नाही, त्यातले ॲल्युमिनियम गार्नेटसारख्या घट्ट खनिजांत जाते. पृथ्वीचे गुरुत्व चंद्राच्या सहापट असल्याने हा दाब लवकरच, काही डझन किलोमीटर खोलीवरच, गाठला जातो. चंद्रावर मात्र तो खूप खाली जाईपर्यंत येत नाही. दुसरे कारण पाणी. रसातले पाणी प्लॅजिओक्लेजचे धरणे लांबवते. आणि आरंभी जे काही कवच झाले असेल तेही पृथ्वीने पुढच्या उलथापालथीत पोटात घेतले.

तरीही चंद्राच्या खडकाशी रसायनाने जवळचा असा एक खडक आपल्याच देशात आहे. तामिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यात सित्तमपूंडी नावाचे गाव आहे. तिथल्या ॲनॉर्थोसाइटचे सविस्तर वर्णन ए. पी. सुब्रमण्यम यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा अवकाशात एकही कृत्रिम उपग्रह गेलेला नव्हता आणि चंद्र कोणत्या खडकाचा आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या साठ्यांत मधल्या श्रेणीचा फेल्डस्पार असतो. सित्तमपूंडीचा फेल्डस्पार कॅल्शियमच्या टोकाकडचा आहे, चंद्रावरच्यासारखा. वय सुमारे २५० कोटी वर्षे. त्याच्यासोबत क्रोमाइटचे पट्टे आहेत आणि कुरुंदही आहे. मागाहून मोठ्या उष्णतेतून व दाबातून गेल्यामुळे त्याचे मूळचे कण काही अंशी नव्याने घडले आहेत. विलक्षण गोष्ट अशी, की दोन्हीकडे सारखाच फेल्डस्पार तयार झाला तो अगदी उलट वाटांनी. चंद्रावर सहज उडून जाणारी द्रव्ये, त्यांत सोडियमही, मुळातच तुटपुंजी होती, म्हणून कॅल्शियम उरले. सित्तमपूंडीच्या शिलारसात उलट पाणी भरपूर होते, आणि पाणी असले की धरणारा प्लॅजिओक्लेज कॅल्शियमकडे झुकतो.

चांद्रयानाच्या लँडर आणि रोव्हरच्या चाचण्यांसाठी इस्रोला चंद्राच्या डोंगराळ भागातल्यासारखी माती हवी होती. अमेरिकेत वापरली जाणारी प्रसिद्ध नक्कल-माती ॲरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून केलेली, म्हणजे काळ्या डागांसारखी होती. ती इथे उपयोगाची नव्हती. सेलमचे पेरियार विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या मदतीने सित्तमपूंडी व कुन्नमलै इथला खडक फोडून, दळून, कणांचे आकार चंद्राच्या मातीशी जुळवून कित्येक टन माती तयार झाली आणि बंगळूरुला गेली. तिच्या कृतीचे पेटंट इस्रोला २०२० मध्ये मिळाले. रोव्हरची चाके चंद्रावर टेकण्यापूर्वी तामिळनाडूच्या दगडाच्या भुकटीवर फिरली होती.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. प्रज्ञान रोव्हरवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवलेले एक्स-किरण उपकरण होते. रोव्हरने सुमारे १०३ मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी माती मोजली. निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. मातीची घडण सगळीकडे जवळजवळ सारखी आणि लोहयुक्त ॲनॉर्थोसाइटशी मिळतीजुळती होती. अपोलो १६ आणि सोव्हिएत लूना २० हे विषुववृत्ताच्या बरेच जवळ उतरले होते. दक्षिणेच्या उंच अक्षांशांवर जाऊन प्रत्यक्ष मोजणी पहिल्यांदाच झाली आणि तिथेही तोच खडक मिळाला. शिलारसाचा सागर चंद्रभर पसरलेला होता, या कल्पनेला त्यामुळे मोठे बळ मिळाले. मॅग्नेशियम मात्र अपेक्षेपेक्षा थोडे जास्त होते. सुमारे ३५० किलोमीटरवर दक्षिण ध्रुव-एटकेन या प्रचंड खोऱ्याची कड आहे. ते खोरे खोदणाऱ्या आघाताने कवचाखालचा माल वर उसळून इथे मिसळला असावा, असे संशोधकांनी म्हटले आहे.

वयाचा प्रश्न अजून उघडा आहे. अपोलो १६ ने आणलेल्या १.८ किलोच्या एका ॲनॉर्थोसाइटचे वय सुमारे ४३६ कोटी वर्षे भरते. चंद्राच्या जन्माशी ते ताडून पाहिले तर मध्ये कोट्यवधी वर्षांची फट पडते. सागर निवायला इतका काळ लागला, की चंद्रच समजुतीपेक्षा तरुण आहे, की पृथ्वीच्या ओढीने आतून तापून काही खडकांचे घड्याळ पुन्हा शून्यावर आले? एक्स-किरण उपकरण मातीचे रसायन सांगते, पण कणांचा आकार, त्यांतल्या जुळ्या पट्ट्या किंवा त्यांचे वय ते सांगू शकत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत यावा लागतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या चांद्रयान-४ चे उद्दिष्ट नमुने पृथ्वीवर आणणे हेच आहे. त्या मातीत डोंगराळ भागाचे पांढरे कण मिळाले, तर माझ्या मते त्यांतले सॅमेरियम आणि निओडिमियम मोजून वय काढण्याचे काम सर्वांत आधी हाती घ्यायला हवे.